पश्चात्संकल्प : न केलेल्या ध्वनिमुद्रणाविषयी

मराठीत वस्तू हरवते आणि क्षण निसटतो. हरवलेली वस्तू कधी काळी कोणाच्या तरी स्वाधीन होती, हे त्या क्रियापदातच गृहीत धरलेले असते. निसटलेली गोष्ट मात्र हाती येता येता राहिलेली असते. म्हणून हरवलेल्या वस्तूचा शोध घेता येतो, तिच्यावर हक्क सांगता येतो, सापडल्यास ओळख पटवून ती परत मागता येते. निसटलेल्या क्षणाबाबत यांपैकी काहीच संभवत नाही. निदान आजवर संभवत नव्हते. त्याच्या वाट्याला फार तर हळहळ येत असे. संगीतनिर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींनी या दोन क्रियापदांमधील अंतर गेल्या काही वर्षांत जवळजवळ पुसून टाकले आहे. त्यामुळे कर्तृत्व, अभिप्राय आणि संमती या, साहित्यविचारात आपण पुष्कळ घोळवून काहीशा बोथट केलेल्या, संकल्पनांना पुन्हा धार आली आहे असे मला वाटते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या पुसल्या गेलेल्या अंतराचा.

आधी हरवण्याकडे पाहू, कारण ते तुलनेने सोपे आहे. गायक माइकसमोर बसला, ध्वनिमुद्रकाने लाल कळ दाबली, वीस मिनिटे गायन झाले आणि वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर फाइल दिसते, पण प्रणाली ती रिकामी असल्याचे सांगते. वस्तुतः ती रिकामी नसते. वेव्ह या सर्वत्र रूढ असलेल्या प्रकारच्या फाइलीच्या आरंभी एक लहानसे शीर्षक असते, साध्या रूपात ४४ बाइटांचे. पुढे येणारा ध्वनी सेकंदाला किती नमुन्यांचा आहे, प्रत्येक नमुना किती बिटांचा आहे, वाहिन्या किती आणि एकंदर ऐवज केवढा, हे त्यात नोंदलेले असते. यांतील शेवटची नोंद सामान्यतः ध्वनिमुद्रण थांबवल्यावर पुरी होते. थांबवण्याची क्रिया घडलीच नाही तर शीर्षक शून्य सांगत राहते, आणि त्याच्या मागे ध्वनी पडून असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन वाहिन्या या हिशेबाने मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट इतका तो असतो. अशा वेळी शीर्षकावर विश्वास न ठेवता निव्वळ कच्ची सामग्री म्हणून ती फाइल उघडावी लागते. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीतही तशी सोय आहे.

परंतु कच्ची सामग्री उघडताना प्रणाली आपल्यालाच प्रश्न विचारते: नमुन्यांचा वेग किती? बिट किती? वाहिन्या किती? जे शीर्षकाने सांगावयाचे ते आता आपण सांगावयाचे. बिट चुकले तर नुसती खरखर ऐकू येते आणि चूक लगेच ध्यानात येते. वेग चुकला तर मात्र मोठा घोटाळा होतो, कारण तेव्हा गाणेच ऐकू येते. ४४,१०० च्या वेगाने मुद्रित झालेले गायन ४८,००० च्या वेगाने वाचले तर षड्ज सुमारे दीड अर्धस्वराने वर चढतो, लय नऊ टक्क्यांनी वाढते, आवाज किंचित तरुण होतो. ज्याने मूळ गायन ऐकलेले नाही त्याला यात काही वावगे जाणवेलच असे नाही. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांच्या संग्राहकांना हा प्रश्न परिचयाचा आहे. त्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या तेवढ्याच फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या असतच असे नाही, आणि म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीचा एखादा गायक कोणत्या पट्टीत गात होता याचा निर्णय आज तबकडी फिरवणाऱ्याच्या हाती येतो.

म्हणजे हरवलेले परत मिळवणे हीदेखील निव्वळ उचलून आणण्याची क्रिया नाही. ती वाचण्याची क्रिया आहे. पाठचिकित्सा करणाऱ्या संपादकापुढे हेच काम असते. मराठीत तर आपल्या गद्याच्या उगमापाशीच असा एक प्रसंग उभा आहे. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात परिश्रमपूर्वक गोळा केल्या. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. पोथ्यांमधून आढळणारे पाठभेद हे त्या पुनःसिद्धीचे व्रण आहेत. या प्रसंगाला मी पुन्हा येणार आहे, कारण त्यात हरवणे आणि निसटणे हे दोन्ही आहेत. पोथी हरवली हे खरेच. पण त्याआधी, चक्रधर बोलत होते तेव्हा ते लिहून ठेवले जावे म्हणून बोलत नव्हते.

तरीही हरवलेल्याच्या बाबतीत नैतिक प्रश्न फारसा अवघड होत नाही. लाल कळ दाबली गेली होती. गायकाला ते ठाऊक होते. वीज गेली हा अपघात. ध्वनी परत मिळाला तर सर्वांना आनंदच होईल. अपवाद एकच, आणि तो म्हणजे हेतुपुरस्सर पुसलेल्याचा. संगणकात फाइल पुसली म्हणजे सामान्यतः सूचीतील तिची नोंद काढली जाते. ऐवज त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो. फाइलीच्या आरंभीची अक्षरखूण ओळखून असा ऐवज हुडकणारी साधने सहज मिळतात. (नव्या, फिरती तबकडी नसलेल्या साठ्यांत पुसलेली जागा यंत्र स्वतःच मोकळी करून टाकते, त्यामुळे हे बहुधा साधत नाही. विस्मृतीचे असे स्वयंचलन ही प्रगतीच म्हणावी लागेल!) इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्याची कथा आपण तुकोबांच्या बाजूने ऐकतो, कारण त्या वह्या बुडवणे ही त्यांच्यावर लादलेली गोष्ट होती. एखाद्या कवीने स्वेच्छेने, असमाधानाने, आपली वही पाण्यात सोडली असती तर तरंगून आलेल्या वहीला आपण चमत्कार म्हटले असते काय?

आता निसटण्याकडे वळू. संगीतकार वाद्याशी चाळा करीत बसलेला असतो. मुद्रण चालू नसते. काहीतरी सुंदर वाजून जाते, आणि ते पुन्हा वाजत नाही. या अनुभवावर इलाज म्हणून एबलटन लाइव्हच्या २०१८ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत एक कळ देण्यात आली. मुद्रण चालू नसताना जे वाजवले ते ती दाबल्यावर मुद्रित होऊन समोर येते. क्यूबेस, लॉजिक प्रो, एफ. एल. स्टुडिओ या प्रणालींतही या ना त्या नावाने अशी सोय आहे. यामागील युक्ती अगदी साधी आहे. प्रणाली सदैव ऐकत असते आणि ऐकलेले एका मर्यादित स्मृतीत साठवत असते. ती स्मृती रहाटगाडग्यासारखी वर्तुळाकार असते; पोहरे भरत वर येतात, कोणी पाणी घेतले नाही तर तेच पोहरे रिते होऊन पुन्हा खाली जातात. क्यूबेसमध्ये माइकवरून येणारा ध्वनी अशा प्रकारे अधिकात अधिक एक मिनिट मागे जाऊन पकडता येतो. कळ उशिरा दाबली तरी आधीचे मिनिट सापडते. प्रो टूल्समधील एका पद्धतीत तर मुद्रणाची खूण केल्यापासूनचाच भाग पडद्यावर दिसतो, पण त्याची कड मागे ओढली की खुणेच्या आधीचे गायनही उलगडत येते, कारण ध्वनिफीत सुरू झाल्या क्षणापासून यंत्र गुपचूप लिहीत होते.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. यांतील बहुतेक सोयी आरंभी ज्यासाठी आल्या ते मिडी हे ध्वनीचे मुद्रण नव्हेच. १९८३ साली रूढ झालेली ही संकेतव्यवस्था कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली आणि कधी सोडली एवढेच नोंदवते. नाद नंतर कोणत्याही वाद्याचा घालता येतो. नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली कलाकृतींचे जे दोन वर्ग कल्पिले (ज्यांत मूळ आणि प्रत हा भेद निर्णायक असतो ते, आणि ज्यांत संहिता बिनचूक उतरली की प्रत्येक प्रत ही ती कलाकृतीच असते ते) त्यांतील दुसऱ्या वर्गात हे बसते. मिडीतून परत मिळते ती संहिता. वाजवणाऱ्याने ती हाताने लिहून काढली असती तरी फारसे बिघडले नसते. यंत्राने केवळ त्याच्या तोकड्या स्मरणाला हात दिला. येथे मला काही आक्षेपार्ह दिसत नाही. कंठातून आलेल्या स्वराचे तसे नाही. त्याची पट्टी आणि दाब अशी फोड होत नाही. परत मिळते ती एका देहाने एका वेळी केलेली घटना, श्वासासकट, खाकरण्यासकट. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः आवाजाविषयी आहे, आणि त्यातही अशा प्रसंगाविषयी की ज्यात गाणारा एक असतो आणि कळ दाबणारा दुसरा.

लाल कळ ही आपण केवळ तांत्रिक बाब समजत आलो. मला ती संकल्पासारखी वाटते. कोणत्याही धार्मिक कृत्याच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन देश, काल आणि स्वतःचे नाव उच्चारतो आणि अमुक कर्म मी करतो असे म्हणतो. त्या उच्चाराने कर्मात नवे काही घडत नाही, पण यापुढे जे घडेल ते माझे, त्याचे उत्तरदायित्व माझ्याकडे, हे ठरते. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गेसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले तेव्हा गाणे संपताच त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या परदेशात तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी ही त्यामागील व्यावहारिक गरज, असे सांगतात. कारण काहीही असो, तीन मिनिटांच्या त्या गायनावर ती सही आहे. आधी उल्लेखिलेले फाइलीचे शीर्षकही याच कुळातले: किती वेगाने, किती वाहिन्यांनी, किती काळ. देशकालोच्चारच तो.

मागे जाऊन पकडणारी प्रणाली हा क्रम उलटा करते. कर्म आधी घडते, संकल्प नंतर होतो. याला मी पश्चात्संकल्प म्हणतो. आता कोणी म्हणेल की कलेत नेहमी असेच होत आले आहे. कवी आधी खरडतो आणि त्यातले कोणते कविता हे मागाहून ठरवतो. शिल्पकाराला पाषाणात अवचित रेषा सापडते. हे खरे आहे. जोवर गाणारा आणि निवडणारा एक आहे तोवर पश्चात्संकल्प म्हणजे निवडच, आणि निवड हा सर्जनाचा अर्धा भाग आहे हे मर्ढेकरांपासून कोणी नाकारलेले नाही. अडचण येते ती हे दोघे वेगळे होतात तेव्हा. कळ दाबणारा दुसऱ्याच्या वतीने, दुसऱ्याच्या भूतकाळाचा संकल्प सोडतो.

याहून गंभीर आक्षेप साहित्यसमीक्षेतून येईल. विमसॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ साली लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादले. बार्थ यांनी पुढे लेखकालाच निरोप दिला. मग गाणाऱ्याला काय अभिप्रेत होते याची मातब्बरी का मानावी? ध्वनी समोर आहे, तो ऐकावा. या आक्षेपात एक गल्लत आहे, आणि ती आपल्याकडील चर्चेतही वारंवार होते. हेतुदोषाचा सिद्धान्त कृतीच्या अर्थाविषयी आहे. कृती आहे की नाही याविषयी नाही. संहिता एकदा जगापुढे ठेवली गेली की तिचा अर्थ लावण्याचा मक्ता लेखकाकडे उरत नाही, हे मान्य. पण 'जगापुढे ठेवणे' ही क्रिया त्या सिद्धान्ताने गृहीतच धरलेली आहे. काफ्का आणि माक्स ब्रोट यांचे उदाहरण येथे दिले जाते, आणि ते इतके दिले गेले आहे की त्याचा आता काही उपयोग होत नाही. शिवाय ते लागूही पडत नाही: काफ्काने लिहिले होते. जाळावे की छापावे हा वाद लिहिलेल्याविषयीचा होता. आपल्यापुढचा प्रश्न न लिहिलेल्याविषयी आहे.

आणि येथे मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते येते. मुद्रण चालू नसताना गायलेले अनेकदा अधिक चांगले का असते? लाल दिवा लागला की अनेक कलावंतांचा हात आखडतो, गळा बसतो, हा स्टुडिओतला नित्याचा अनुभव. दिवा विझला की आवाज मोकळा होतो. हा मोकळेपणा काही आकाशातून येत नाही. आपण ऐकले जात नाही, निदान टिकवले जात नाही, या खात्रीतून तो येतो. रियाज आणि मैफल यांतला भेद थोडाफार हाच आहे. रियाजात चुकण्याची मुभा असते, आणि ज्याला चुकण्याची मुभा आहे तोच अज्ञात जागी पाऊल टाकतो. म्हणजे निसटलेल्या गायनाचे मोल ते निसटणारे होते यावर अवलंबून आहे. जे यंत्र ते निसटू देत नाही ते त्या मोलाच्या मुळावरच येते. गायकाला एकदा कळले की यंत्र सदैव ऐकते आहे, की दिवा सदैव लागलेलाच असतो. उरतो तो एकच मार्ग: गायकाला ते कळू न देणे. सुविधा प्रामाणिकपणे वापरली तर तिने जे मिळवावयाचे ते मिळत नाही. जे मिळते ते अप्रामाणिकपणाने मिळते. हा पेच तंत्राच्या सुधारणेने सुटणारा नाही. तो तंत्रातला नाहीच.

स्मृतीच्या दृष्टीनेही येथे एक फरक पडतो. म्हाइंभट गावोगाव फिरले आणि ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांना विचारत गेले. लीळा बोलल्या जात असताना कोणी टिपून घेत नव्हते, म्हणून हाही मागे जाऊन पकडण्याचाच उद्योग होता. पण त्यात प्रत्येक लीळा कोणाच्या तरी स्मरणातून आली, आणि सांगणाऱ्याने ती स्मरणात ठेवली होती कारण तिने त्याचे काही झाले होते. माणूस विसरतो तो महत्त्वाप्रमाणे. रहाटगाडगे विसरते ते वयाप्रमाणे: साठ सेकंदांपूर्वीचे असेल तर गेले, एकोणसाठ सेकंदांपूर्वीचे असेल तर राहिले, मग ती खोकल्याची ढास असो की अद्भुत तान. यंत्राच्या स्मृतीत कोणी साक्षी नसतो. साक्षीने दिलेल्या साक्षीवर आपण शंका घेऊ शकतो, त्याला उलट विचारू शकतो. बफरला काय विचारणार?

माझ्या या भूमिकेविरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत, कारण त्या मला अस्वस्थ करतात. पहिली जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि नव्वदीच्या दशकात बर्नार बेल यांच्या साह्याने त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या. तोवर गिरणी आली होती, जाते थांबत चालले होते. दळताना पहाटे, कोणी ऐकत नाही म्हणून जे गायले जाई, ते आता माइकपुढे, विचारल्यावरून गायचे होते. त्या बायकांनी ते गायले, आणि आज आपल्यापाशी जे आहे ते त्या गाण्यामुळेच. पण शतकानुशतके जे निसटले त्याची गणती नाही. सासर-माहेराविषयी, भावाविषयी, मारझोडीविषयी अंधारात जे बोलले गेले ते कोणत्याही बफरात नव्हते. ज्यांच्या बोलण्याला कोणी कधी कान दिला नाही त्यांच्या संदर्भात 'न ऐकले जाण्याचे स्वातंत्र्य' ही भाषा चैनीची वाटू शकते. मला ती तशी वाटते. तरीही संग्राहकांनी जात्याच्या आड यंत्र लपवून ठेवले नाही, विचारले, ही गोष्ट मला दुय्यम वाटत नाही.

दुसरी गोष्ट उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची. आपले गायन मुद्रित होऊ देण्यास त्यांची तयारी नसे. त्यांचे जे थोडे गायन उपलब्ध आहे ते १९४७ सालच्या नभोवाणीवरील प्रक्षेपणातून एका चाहत्याने मुद्रित करून ठेवल्याचे सांगितले जाते. त्यातला दरबारी मी अनेकदा ऐकला आहे आणि त्या चाहत्याचे मनोमन आभार मानले आहेत. पण आभार म्हणजे समर्थन नव्हे. ज्याच्याकडून लाभ झाला त्याचे कृत्य योग्य होते असे ठरवण्याची आपल्याला घाई असते, आणि कलेच्या क्षेत्रात ती घाई विशेष. उलट बाजूने, अल्लादिया खाँसाहेबांची किंवा भास्करबुवा बखल्यांची एकही ध्वनिमुद्रिका आपल्यापाशी नाही, म्हणून त्यांचे गाणे नाहीसे झाले असेही म्हणवत नाही. ते शिष्यांच्या गळ्यांत गेले. तेथे ते बदलले, आणि बदलण्याचा अधिकार असलेल्यांनी बदलले.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगावा की नाही याचा मी बराच विचार केला. पण वरील सर्व विवेचन मी ज्यामुळे करू लागलो तो वगळून ते मांडणे खोटेपणाचे होईल.

माझा एक मित्र पुण्यात लहानसा स्टुडिओ चालवतो. सत्तरीच्या एका गायिका त्याच्याकडे मुद्रणासाठी येत असत. एके दिवशी दोन टेकच्या मध्ये त्या चष्मा शोधत होत्या. इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालूच होता. शोधता शोधता गुणगुणू लागल्या. मित्राला काही क्षणांनी ते जाणवले आणि त्याने आवाज न करता कळ दाबली. प्रणालीने आधीचे मिनिटही दिले. एकंदर दोन-सव्वादोन मिनिटे. मग चष्मा सापडला आणि गुणगुणणे थांबले. दुपारी चहाच्या वेळी त्याने त्यांना ते ऐकवले. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले, आणि पुन्हा लावायला सांगितले.

"हे कधीचं?" त्यांनी विचारले.

"मघाचं, ताई. तुम्ही चष्मा शोधत होतात तेव्हाचं."

"विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही थांबला असतात."

"म्हणूनच विचारायचं होतंस."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हे मी गायलं नाही रे. माझ्याकडून गायलं गेलं." आणि पुसून टाकायला सांगितले.

हे वाक्य मित्राने मला सांगितले तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेले नाही. 'माझ्याकडून' हा प्रयोग मराठीत आपण कप फुटला, चूक झाली, बोलून गेले अशा ठिकाणी करतो. कर्ता असतो, संकल्प नसतो. व्याकरणाने त्यासाठी वेगळे घर बांधून ठेवले आहे आणि आपण त्यात रोज जा-ये करतो. बाईंनी ते गायन आपले नाही असे म्हटले नव्हते. ते गायन आपल्याकडून झाले, परंतु आपण केले नाही, असे म्हटले होते. आणि जे आपण केले नाही ते आपले म्हणून बाहेर जाऊ देण्यास नकार दिला होता. ते चांगले होते की वाईट याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. पुन्हा लावायला सांगितले, एवढेच.

मित्राने त्यांच्या देखत ते पुसले. म्हणजे पडद्यावरील पट्टी निवडली आणि काढून टाकली. परंतु अशा प्रणालींत पट्टी हा ध्वनी नसतो, ध्वनीकडे नेणारी ती केवळ खूण असते. खूण काढली तरी मुद्रित फाइल प्रकल्पाच्या फोल्डरात तशीच राहते, मुद्दाम शोधून काढेपर्यंत. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती असे नाही. त्या क्षणी सुचली नाही, असे तो म्हणतो. काही महिन्यांनी डिस्कवर जागा करताना ती फाइल त्याला सापडली. त्याने माझा सल्ला विचारला. मी म्हणालो, ताईंना सांग. तो म्हणाला, सांगायचे म्हणजे तुमच्यासमोर पुसले ते पुसलेच नव्हते, असे सांगायचे. शिवाय मग त्यांनाच पुन्हा 'पुसून टाक' म्हणायला लावायचे. मग न सांगता पुसून टाक, असे मी म्हणालो. तो त्यालाही तयार झाला, पण लगेच नाही.

पुसण्यापूर्वी मी ती ऐकली. त्याने आग्रह केला असे म्हणता येणार नाही. त्याने हेडफोन पुढे केला आणि मी घेतला. एकदा ऐकून पुन्हा लावायला सांगितले, तेही मी केले. त्यानंतर माझ्यासमोर त्याने ती फाइल काढली, कचरापेटी रिकामी केली आणि दुसऱ्या डिस्कवरची प्रतही शोधून पुसली. ताईंना आम्ही दोघांनीही हे सांगितलेले नाही. त्या दोन मिनिटांत काय होते, कोणता राग होता, कोणत्या जागेवर त्या थांबल्या, हे मला नीट आठवते, आणि मी ते येथे लिहीत नाही.